खोडरबर जवळ ठेवून

ईरी सरोवर अजून गोठलेलंच.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात
बर्फाला भोकं पाडून बसलेले मासेमार,
आणि मी गॅसच्या बिलाच्या पाठीवर
नऊ नावं लिहितेय, पेन्सिलीने.

पहिला ओकाफोर. यावर वाद नको.
सरासरी बेताची, मान्य,
पण चार चेंडू नुसते सोडून देणं हीसुद्धा कला आहे,
आणि तो पहिल्या बेसवर उभा राहिला
की पिचरची मान सारखी वळते,
स्वेटरात मुंगी शिरल्यासारखी.

दुसरा हॅल्व्हर्सन.
"कॅचर? दुसरा?" लॉवेल फोनवर ओरडतो,
"जुलैपर्यंत गुडघे बोलायला लागतील त्याचे!"
लॉवेल माझ्या बहिणीचा नवरा.
दर फेब्रुवारीत ॲरिझोनाला जातो सराव बघायला
आणि तिथून मला तापमान कळवतो,
मी विचारलेलं नसताना.

तिसरा ठरलेलाच आहे. चौथ्यापाशी पेन्सिल थांबते.
डेमरॉन. सहा वर्षं, अकरा कोटी डॉलर.
मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
असल्याच बर्फात, एकदाही चरात न घालता,
आणि शेवटच्या दिवशी मिळाला थर्मास.
तक्रार नाही. थर्मास चांगला आहे,
कॉफी दुपारपर्यंत गरम राहते.
मुद्दा एवढाच, की सप्टेंबरात
दोन बाद, दोघं बेसवर, अशा वेळी
हा माणूस बाहेर जाणाऱ्या कर्व्हबॉलमागे
सुटलेली बस पकडायला धावावं तसा धावतो.
आरशात पाहिलीत मी अशी पुष्कळ मुलं.
अकरा कोटींत थोडं गार डोकं यायला हवं होतं.
असो. चौथा डेमरॉन.
एवढा महागडा सोफा घेतल्यावर
दिवाणखान्यातच ठेवावा लागतो.

पाचवा, सहावा, सातवा: कोणीही.
खरंच, कोणीही.

आठवा प्रूइट, वय एकवीस.
लॉवेल म्हणतो, त्याला वर आणा, बॅट बघा त्याची!
मी म्हणते, राहू दे मागच्या सीटवर.
कोणाचं लक्ष नसतं तिथेच मुलं वाढतात.

नववा नंतर बघू.

आता पिचिंग, आणि इथे मी गंभीर आहे.
चौघं ठरलेले, त्यांतला एक मेपर्यंत मोडणार,
कोणता ते सांगत नाही, अपशकुन नको.
पाचवा माझ्या मते टाडेओ किन्योनेस.
अडतीस वर्षांचा, कोपरावर दोन शस्त्रक्रिया,
एका वर्षाचा करार, तोही किमान पगारावर.
चेंडूला वेग नाही, पण तो जातो कसा,
जणू वाटेत कोणाला तरी निरोप द्यायचा राहिलाय.

लॉवेलकडे प्रत्येकाचा एक आकडा असतो:
हा माणूस काढला, जागी कोणीही आणला,
तर किती फरक पडेल?
टाडेओचा आकडा शून्य पूर्णांक दोन.
"म्हणजे जवळपास नाहीच," लॉवेल समजावतो,
मला दशांश कळत नसल्यासारखा.

मी गेल्यावर सात नंबरच्या मार्गावर
कोणी नवा मुलगा आला.
बस वेळेवर येते, असं ऐकते.

काल रात्री उशिरा लॉवेलचा फोन.
एरवी तो तापमानापासून सुरू करतो.
म्हणाला, सगळे गेल्यावर मागच्या मैदानावर
तुझा म्हातारा एकटाच फेकत होता,
समोर जाळी, बाजूला चेंडूंची बादली.
बादली संपली की स्वतःच वेचायचा,
पुन्हा टेकडीवर चढायचा.
तीनदा. मी मोजलं.

"वेग?" मी विचारलं.
"सत्त्याऐंशी."
गेल्या वर्षापेक्षा दोन कमी.
दोघंही गप्प. त्याच्याकडे कुठेतरी
पाण्याचे फवारे सुरू होते, ऐकू येत होते.
मग तो म्हणाला, "पण तो संथ चेंडू, नदीन,
जाळीसुद्धा फसली असती."

मी टाडेओचं नाव खोडलं होतं, कबूल करते,
फोनच्या आधीच, संध्याकाळी.
आता पुन्हा लिहिलंय, त्याच जागी.
कागद तिथे जरा पातळ झालाय,
खालून बिलाची रक्कम दिसते.