मंगळवारी सुट्टी

गिऱ्हाईक विचारतात, बाई, या शहरात
तुझी आवडती जागा कुठली?
मी म्हणते, हीच की. आणि कॉफी ओतते.
अशा उत्तराला टिप बरी पडते.

बिल्ल्यावर डोरीन. सव्वीस वर्षं
क्लार्क स्ट्रीटच्या याच कोपऱ्यावर.
काउंटरला सहा खुर्च्या, पाच फिरतात.
सहावी दुरुस्त करतो, असं लांब्रोसनं बापाला वचन दिलेलं.
बाप गेला. वचन गेलं. खुर्ची आहे.

मला नावं राहत नाहीत, ताटं राहतात.
पहाटे साडेचारला पॅटी मेल्ट, कांदा जरा करपवून:
बर्फ उपसणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर.
टोमॅटो सूप, ग्रिल्ड चीज, खारी बिस्किटं सुपात चुरून:
लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स.
ज्या रात्री ती चुरतच राहते, खात नाही,
त्या रात्री मी बिल उशिरा ठेवते.
गुरुवारचा मीटलोफ:
पोस्टातून निवृत्त झालेला वोइत्सेक.
बटाट्याच्या लगद्यात आळं करतो, त्यात ग्रेव्ही,
आणि शेवटच्या घासापर्यंत बांध फुटू देत नाही.

मॅकरोनी-चीज काय, कुणीही खातं.
खरवड मागणारे वेगळे.
एफ्राइन आतून ओरडतो, "कोपरा कुणाचा?"
ट्रेला कोपरे चारच असतात.
यावरून दोन वकील हमरीतुमरीवर आलेले
मी या डोळ्यांनी पाहिलेत.

मंगळवारी मी दोन बस बदलून
दक्षिणेला जाते, एकोणऐंशीव्या रस्त्यावर,
जिथे मला कुणी ओळखत नाही.
नावाची पाटी अर्धी विझलेली. आत स्टीमचा वास.
चिकन पॉट पाय मागवते,
काट्यानं वरचं कवच फोडते
आणि वाफेत तोंड धरून बसते थोडा वेळ,
चष्म्यावर धुकं धरेपर्यंत.
माझ्याहून दहा वर्षांनी लहान ओझेला
मला "बाळा" म्हणते. मी म्हणू देते.
आठवड्यातून एकदा कुणीतरी
न विचारता कप भरावा, एवढंच.

पहिल्याच हिवाळ्यात पकडली गेले.
खाऊन झाल्यावर हात आपोआप गेला,
ताटलीवर ताटली, वर वाटी, आत चमचे,
मुठी एका बाजूला.
ओझेलानं पाहिलं. "किती वर्षं?"
"सव्वीस."
"माझी एकोणीस." चमच्यानंच माझ्या बोटांवर टिचकी मारली:
"इथे हात मांडीवर."

यापलीकडे आम्ही फारसं बोललेलो नाही.
गुडघ्यांबद्दल एकदा. बुटांबद्दल दोनदा.

फेब्रुवारीत, तळ्यावरचा वारा काचा चावत असताना
दार उघडून ओझेला आत आली.
टोपीवर बर्फ, हातात मोजा एकच.
म्हणाली, इकडे काम होतं.
दोन बस बदलून उणे पंधरात
कुणाचं काय काम असतं क्लार्क स्ट्रीटला?
मी विचारलं नाही.
ती नेमकी न फिरणाऱ्या खुर्चीवर बसली,
मेनू उघडलाच नाही. "काहीतरी गरम दे."
मी खिडकीतून आत ओरडले, "कोपरा माझा!"
एफ्राइननं वळून पाहिलं. सव्वीस वर्षांत
मी कधी कोपरा मागितला नव्हता.

तिनं हळूहळू खाल्लं.
खरवड शेवटी, बोटांनी.
नऊ डॉलरच्या जेवणावर अकरा डॉलर टिप ठेवून गेली,
दहाची नोट आणि एकाची,
एकावर निळ्या शाईनं कुणीतरी मिशा काढलेल्या.

पुढच्या मंगळवारी मी तेच अकरा
तिच्या बशीखाली सरकवून आले.
महिन्याभरानं ते परत आले. मग पुन्हा गेले.
मिशा आता पुसट झाल्यात.
लांब्रोस म्हणतो, खुर्चीचं यंदा बघतोच.
मी सांगितलंय, हात लावू नकोस.