पेव नंबर चौदा

अडत दुकानाच्या वह्या माझ्याकडे आल्या तेव्हा
पानापानांतून हळद सांडत होती.
कीबोर्डच्या फटींत ती अजून आहे.
काम साधं: हरिपूरच्या पेवांच्या नोंदी,
कुठलं कधी भरलं, कधी उघडलं,
किती पोती, कुणाची सही,
सगळं विश्रामबागेतल्या दुसऱ्या मजल्यावर बसून
एका तक्त्यात चढवायचं.

सगळ्यात जुनी वही शके सतराशे एकाहत्तरची.
मोडी वाचून दिली ऐनापुऱ्यांनी,
पानामागे वीस रुपये घेऊन:
"दिवस तीन घटका वर आल्यावर पेव फोडिले."
मी तारीख टाकली, अदमासानं सकाळ टाकली.
यंत्रानं काही न विचारता शेजारी लिहिलं
पाच तास, त्रेपन्न मिनिटं, अठ्ठावीस सेकंद.
हे अठ्ठावीस सेकंद कुणाचे?
शोधलं तर कलकत्त्याच्या उन्हाचे.
तिथं दुपार आमच्याआधी पंचावन्न मिनिटं होते
आणि कृष्णेकाठी घटिकापात्र बुडायची वाट बघणाऱ्याला
त्याची खबर असायचं काही कारण नव्हतं.
पुढच्या वह्यांना मद्रास लागलं,
पाच एकवीस, वर दहा सेकंद.
सांगली त्या यादीत नाहीच.

मला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही.
आमच्या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं,
मिरजेची बस चुकू नये म्हणून.
ते पुढं आहे हे सगळ्यांना माहीत,
त्यामुळे बस चुकतेच.
आमचीही नोंद कुणी घेतलेली नाही.

मग आलं एकोणीसशे त्रेचाळीस.
लढाईपायी सरकारनं देशाचे काटे
तासभर पुढं ढकलले होते.
यंत्राला ते पाठ आहे: साडेसहा.
वहीला निम्मंच पाठ.
मुनीम त्र्यंबकराव काही ओळींत "न.वे." लिहितात,
काहींत "जु.वे.",
आणि घाईत असले की काहीच नाही.

चैत्र वद्य सप्तमी. पेव नंबर चौदा.
"उघडिले आठास, न.वे."
खाली, दुसऱ्या शाईत:
"मलगोंडा आत उतरला साडेआठास."
त्याच्याखाली: "वर काढिला. मयत."
त्याच्याखाली: एकशे दहा पोती, प्रत बरी.

पेव उघडल्यावर दीड तास तोंड मोकळं ठेवावे,
आतली हवा जड असते,
हे याच वहीच्या पहिल्या पानावर
याच त्र्यंबकरावांच्या अक्षरात आहे.

साडेआठ नवे धरले
तर तो अर्ध्या तासात उतरला,
म्हणजे कुणीतरी उतरवला.
जुने धरले तर दीड तास भरतो अगदी नेमका,
दुकानाचं काहीच चुकत नाही,
चुकलं ते हवेचं.

यंत्राला विभाग हवाच.
मोकळा सोडला की रकाना लाल होतो.
मी दोनदा नवी वेळ निवडली, एकदा जुनी.
मालकांच्या नातवाला फोन केला.
"काहीही टाका हो मॅडम,
रिपोर्ट तेवढा शनिवारी द्या."
शनिवारी दिला.
तक्त्यात एक रकाना जास्तीचा काढला,
नाव ठेवलं "जसं लिहिलं तसं",
त्यात साडेआठ, अक्षरी,
आणि शेजारची जागा लालच राहू दिली.

पेवात माणसाआधी कंदील सोडायचे, दोरीनं.
विझला तर कुणी उतरत नसे.
कंदिलाला कलकत्ता लागत नाही, मद्रास लागत नाही.
म्हणून त्या दिवसाची किरकोळ खर्चाची वही
पुन्हा काढून बघितली.
रॉकेल, दीड आणा.
सप्तमीलाच घेतलंय.
किती वाजता, ते लिहिलेलं नाही.