वळण-गुणक

लिंकनशरमध्ये हत्तीगवत मार्चात कापतात,
शिरीषाच्या शेंगेसारखं खुळखुळू लागलं की.
ओलावा सोळा टक्क्यांच्या आत हवा,
नाहीतर कारखान्यापर्यंत आपण
पाण्याचंच भाडं भरतो.

माझ्या तक्त्यात सगळ्या रेघा सरळ.
रस्ते वळतात, म्हणून प्रत्येक अंतराला
एक पूर्णांक तीन दशांशाने गुणायचं.
याला आम्ही वळण-गुणक म्हणतो.

मिसेस ऑडलिंगचं शेत सरळ रेघेनं पंचवीस मैल,
गुणून साडेबत्तीस.
मर्यादा तीस.
मॉडेलनं तिला गाळलं, न रागावता.

मग एकदा मॉरिस ब्लेड्सच्या ट्रकमध्ये बसले.
हेकिंग्टनच्या रेल्वे फाटकाशी अकरा मिनिटं.
थर्मासचा चहा, मागच्या गाठींतून उडणारा भुसा.
"हे कुठं धरलंयस?" त्यानं विचारलं.
नव्हतं धरलं.

परतीचा रिकामा ट्रक मात्र धरला होता,
पुऱ्या दरानं.
रिकाम्या हातानं परतणं फुकट नसतं,
ते मला कुणी शिकवायला नको.

रात्री तीसचे तेहेतीस केले.
टनामागे चाळीस पेन्स वाढले.
कारणाच्या रकान्यात
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला,
मग लिहिलं: फाटक.