कंसातलं

बुधवारी आणि रविवारी जुना बाजार.
दस्तगीरचं बस्तान पार टोकाला,
एका अंगाला पितळी नळ, दुसऱ्या अंगाला
जोडीदार हरवलेले बूट. मधे निळी ताडपत्री
आणि तिच्यावर सिनेमे.
म्हणजे कागदावरचे. कुणी गेलं, घर रिकामं झालं,
स्टुडिओतलं कपाट निघालं,
की किलोवर येतात त्याच्याकडे.

गठ्ठे त्याच्या हिशेबानं लावलेले:
लाल सुतळी नटांची, पांढरी दिग्दर्शकांची,
आणि दुधाच्या पिशवीत फौजदार गाडेकर
भाग एक, दोन, चार.
तिसरा कुठाय, विचारलं
तर आभाळाकडे बोट करतो.

माझ्याशी बोलताना तो तोंड समोर धरतो,
ओठ मोठे करतो,
किंमत तळहातावर लिहून दाखवतो.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते मी.
अर्ध्या पुण्याची बारशी, मयतं, वाटण्यांची भांडणं
या कानांतून गेली.
आता कानच गेले. डॉक्टर म्हणतात वय.
मी म्हणते, भरले.

जुन्या सिनेमांना खाली अक्षरं नसतात.
म्हणून डाव्या हातात संहिता, उजव्या हातात रिमोट,
कुणाचे ओठ हलले की ओळ शोधायची.
कधी मी पुढे जाते, कधी सिनेमा.
नायिका रडायला लागते
तेव्हा मी अजून तिच्या लग्नाच्या बोलणीत.

“नट कोण पाहिजे?”
मुरलीधर ओतूरकर.
दस्तगीर लाल सुतळ्या चाळतो. मान हलवतो.
असणार कसा? खडकीच्या कारखान्यात नोकरी,
रजा मंजूर झाली तर शूटिंग.
हवालदार, वरबाप, सावकाराचा मुनीम,
एकदा नुसतं प्रेत.
त्याच्या नावानं कोण बांधणार गठ्ठा?

मग आडवाटेनं जायचं.
दिग्दर्शक आठवायचा: तासकर.
पांढरी सुतळी, तळापासून तिसरी.
कव्हरवर चहाच्या कपाचं कडं,
आत कार्बनची निळी, फुटलेली अक्षरं.
उभ्या उभ्याच पानं उलटली.

दृश्य सत्तेचाळीस. रात्र. मुलीचं घर.
मला पाठ आहे ते. एकोणीस वर्षांची होते,
बाल्कनीत मागून दुसरी रांग.
नवऱ्याशी भांडून बसलेल्या लेकीला भेटून
बाप निघतो, उंबऱ्यात थांबतो,
मागे न बघता म्हणतो,
“दार नुसतं लोट. कडी नको लावूस.”
एवढंच.
त्या वर्षी आमच्या घराला
आतून दोन कड्या होत्या.

कागदावर होतं:
(बाप काही न बोलता निघून जातो.)

काही न बोलता.
मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं,
चष्मा पुसून पुन्हा तेच.
म्हणजे ऐन वेळी ओतूरकरांना सुचलं
आणि तासकरांनी राहू दिलं.
किंवा मग मीच...
विचारणार कुणाला? दोघंही गेले.
आणि सिनेमाची जी प्रत मिळते
ती सेहेचाळीसवरून थेट
अठ्ठेचाळीसवर उडी मारते.

एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी बजावलं होतं,
ऐकलेलं तिथंच सोडून घरी जायचं.
मी सोडलंही. लाखो माणसांचं सोडलं.
हे एक वाक्य तेवढं
पदराखालून आणलेलं.

पर्समधून पेन्सिल काढली.
खोडलं काही नाही. कंसाच्या बाहेर,
समासात जागा होती तिथं, बारीक अक्षरात,
पुढे नाव: मु. ओतूरकर.

दस्तगीर बघत होता.
“लिहिलंत. आता परत घेणार नाही.”
ओठ इतके मोठे केले की मला हसू आलं.
तळहातावर ऐंशी.
मी साठ लिहिले त्याच्याच हातावर,
तो सत्तरवर आला.

बाहेर येऊन रिक्षात बसले.
रिक्षावाल्यानं पत्ता
दोनदा तरी विचारला असावा.