कोमल गंधार

रात्रपाळीत, एक्स-रेच्या खोलीत
पेशंट नसतो तेव्हा
मी फोनवरच्या टोपलीत एक माइक टाकतो.
पहाटे काढतो.
सोनेरी जाळीचा, काळ्या पेटीतला, जर्मन बनावटीचा,
हप्ता महिन्याला दोन हजार एकशे चाळीस.
त्याचं वजन, त्याची वायर, त्याचा कान कुठवर ऐकतो
हे मला बरगड्यांच्या क्रमासारखं पाठ आहे.
अंबाजोगाईत तो कुणाकडेच नाही.
म्हणजे माझं अडलंय ते त्याच्यापायी,
असं मी अकरा महिने धरून चाललोय.

कपाटात मागच्या खरेद्या निजल्यात.
ड्रमपॅड, प्लास्टिकचे बुडबुडे अजून अंगावर
(कोपऱ्यातले थोडे पोरानं फोडले).
मिक्सर, ज्याची बारा बटणं मी फक्त
धूळ पुसताना फिरवतो.
आवाजांनी भरलेली एक विकतची फाइल,
तिच्यात बर्फावर चालण्याचे सहा प्रकार आहेत.
बर्फावर!
आमच्याकडं माठातलं पाणी गार झालं तरी कौतुक.

"अजून एक घ्यायलाव का?" मंदाकिनी विचारते.
आवाजात राग नाही.
करडईच्या तेलाचा रिकामा डबा तिनं
वाटीवर उपडा ठेवलाय,
रात्रभर निथळेल तेवढं निथळेल.

मग मोंढ्यामागे गफ्फारभाईंकडं गेलो,
घरातली एकच खरंच वाजवलेली वस्तू घेऊन:
परळीच्या बँडवाल्यानं मोडीत काढलेला कीबोर्ड,
मधल्या सप्तकातला कोमल गंधार मेलेला.
त्यांनी पट्टी दाबली. कान लावला.
सुपारी एका गालातनं दुसऱ्या गालात नेली.
"पार्ट हैदराबादहून मागवावा लागंल. आठ दिवस, महिना, सांगता येत नाही.
तवर ह्याच्याबिगर काय काय वाजतंय
ते तरी बघितलं का?"

बघितलं नव्हतं.

काल सुट्टी होती. दुपारी लाइट गेली.
कीबोर्डात सहा सेल घातले,
खिडकीला गोधडी बांधली,
पोराचा जुना फोन गादीवर ठेवून लाल ठिपका दाबला.
गटारावरची एक फरशी गेली की
गल्लीतल्या म्हाताऱ्या तिथं पाय लांब टाकतात,
तशी बोटं त्या जागेवरनं पलीकडं जायला लागली.
कधी चुकून पडायचीच.
मग नुसतं टक्.
सूर नाही, लाकूडसुद्धा नाही, निव्वळ प्लास्टिक.
पाच-सहा वेळा झालं आणि कळलं,
ताल तर हीच धरायलीय.

मग तोंडातनं आलं
ते एकोणीस वर्षं रोज म्हणतोय तेच:
श्वास घ्या.
धरा.
हलू नका.
सोडा.
किती हजार छात्यांना म्हटलं असेल.
स्वतःला पहिल्यांदा.

तिसऱ्या मिनिटाला, उशीखाली ठेवलेला माझा फोन
टिंग.
"तुमच्या टोपलीतल्या वस्तूची किंमत उतरली."
चिडून थांबणार होतो.
नंतर ऐकलं, चारदा ऐकलं, खात्री व्हावी म्हणून.
तो टिंग कोमल गंधार होता.
बरोब्बर भोकात पडलेला,
सगळ्या तुकड्यात एकदाच.
तसाच ठेवलाय.

ऑफर बघितली नाही असं लिहिलं असतं
तर माझीच मला बरी वाटली असती ही कविता.
बघितली. साडेनऊशे उतरलेत.
टोपलीत माइक अजून आहे,
आणि आज रात्रपाळीला
मी ती न उघडता ती चार मिनिटं ऐकत बसलोय.
दुसऱ्या मिनिटाला लांबून मंदाकिनी डबा सरळ करते,
पत्रा वाजतो,
तोही बरा वाजतो.

दारात स्ट्रेचरची चाकं.
उसाच्या ट्रॉलीवरनं पडलेला पोरगा, ओठ पांढरे.
"श्वास धर बाळा," मी म्हणतो,
आणि कुठल्या पट्टीत म्हणालो
ते माझं मला ऐकू येतं.