तिसरं वळण

पाली मागे पडेपर्यंत सगळं नीट असतं.
बिंदुसरेचं पाणी खिडकीतून दिसतं,
काटा मधोमध, शहाण्या पोरासारखा.
मांजरसुंब्याचा घाट लागला
की तिसऱ्या वळणावर तो उठतो
आणि लाल पट्टीत जाऊन बसतो.

मग मी कडेला. बॉनेट वर.
झाकणाला हात नाही, अर्धा तास तरी नाही,
हे वडिलांनी शिकवलेलं
स्वतःच्या मनगटावरचा डाग दाखवून.
अर्ध्या तासात सहा-सात ट्रकवाले विचारून जातात,
ताई, तापली का?
तापली, भाऊ.

शहात्तर सालची पद्मिनी. रंग एकेकाळी मोतिया.
आतापर्यंत बदललं ते असं:
झाकण, नगर नाक्यावर.
पंख्याचा पट्टा, तिथंच, दोनदा.
थर्मोस्टॅट धारूरच्या एकाने काढूनच टाकला,
म्हणाला, आपल्या उन्हाळ्यात ह्याचं काय काम.
पंप पुण्याहून आला, एसटीच्या पार्सलने,
भाड्याची पावती अजून डॅशबोर्डात आहे.
रेडिएटर उलटा करून धुतला
तर ओंजळभर पांढरा चुना पडला,
आमच्या बोअरचा,
जो कळशीत बसतो, हीटरच्या कॉइलवर बसतो,
आईच्या मूत्रपिंडात बसला होता.
सापडलं एकदाचं, मी म्हणाले.
शनिवारी तिसऱ्या वळणावर काटा उठला.

बार्शी नाक्यावर गफूर मिस्त्री चहा पीत होते.
उठले नाहीत, पाना उचलला नाही.
"उभ्याने तापायलीय का पळताना?"
पळताना.
"मग पंख्याला कशाला शिव्या. चढावरच का?"
सपाटीलाही, साठच्या वर गेलं की.
"तेल दुधासारखं?"
नाही.
"पाण्यात बुडबुडे?"
नाही. आणि थांबलं की काहीच नाही,
चौघांनी बघितलं, चौघं म्हणाले ठीक आहे.
"हौ. चौघांनी थांबवूनच बघितलं."

कप फळीवर ठेवला. सुदामला आत बसवला.
रेस दे. अजून. अरे, लाजतो कशाला, दाब.
मला म्हणाले, ओढणी आवरा आणि वाका इथं.
रेडिएटरच्या पायाशी एक काळी नळी,
जिच्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.
मीही नाही.
गाडी गुरगुरली, मग ओरडायला लागली,
पत्र्याचं शेड थरथरलं,
आणि नळीने गाल आत ओढले
विडीचा शेवटचा झुरका घेणाऱ्यासारखे.
पार चपटी. पंप ओढतोय, ओढतोय,
आणि पाण्याला वाटच नाही.

"सोड."
सुदामने पाय काढला.
नळी गोल. निरागस. जणू ती नव्हेच.

"आत स्प्रिंग असती. गंजून गेली.
रबर मऊ पडलं, पळताना स्वतःलाच गिळायलंय.
थांबलं की शहाणं."

मी तशीच उकिडवी बसून राहिले.
वडिलांचा कार्डिओग्राम आठवला,
आडवं झोपवून काढलेला,
डॉक्टर म्हणाले होते, काय सुंदर आलाय.
"उठा ताई, ऑइल लागंल कपड्याला."

मिस्त्रींनी पत्र्याच्या डब्यातून
कुठल्याशा भंगारात गेलेल्या अँबॅसिडरची स्प्रिंग काढली,
दोन वेटोळी कापली, नव्या नळीत सरकवली.
एकशे ऐंशी रुपये, क्लिपा धरून.
"आणि तो थर्मोस्टॅट परत घाला.
इंजिनला थोडं तापावंच लागतं,
थंड इंजिन पेट्रोल पितं नुसतं."

शनिवारी पाली गेलं. घाट लागला.
पहिलं वळण, दुसरं.
काटा मधोमध.
तरी तिसऱ्याला माझा पाय आपोआप सुटला,
डोळे कडेची जागा शोधायला लागले,
आणि मागचा उसाचा ट्रक
हॉर्नवर हात ठेवून बसला,
अहो ताई, चला की.