तिसरा खर्डा

पहाटे पाचला नळ येतो.
आधी कूलरची टाकी, मग माठ, मग मी.
सहा ते नऊ, एवढीच कादंबरीची वेळ.
नंतर त्रिमूर्तीनगरात ऊन असं उतरतं
की वाक्यातला कर्तासुद्धा
कर्माच्या सावलीला जाऊन बसतो.

कूलर लावला तर पानं उडतात.
बंद केला तर मनगटाच्या घामानं शाई पसरते.
म्हणून प्रकरणांवर वजनं ठेवली आहेत :
पहिल्यावर खलबत्त्यातला बत्ता,
चौथ्यावर किल्ली हरवलेलं कुलूप,
नवव्यावर एक गुळगुळीत दगड,
तो कुठून आणला होता ते आठवत नाही.
वाळ्याचा वास आता सगळ्या पानांना आहे,
खुनाच्या पानालासुद्धा.

पुण्याहून संपादक लिहितात, फार सौजन्यानं :
'करून राहिली', 'बोलून राहिली',
असं एकशे बारा ठिकाणी आहे.
'करते आहे' चालेल का?
चार दिवस झाले,
मी एकेका वाक्यातून 'राहिली'ला उठवते आहे,
भाडेकरू उठवावा तशी.
कालपर्यंत सत्तर झाल्या.
वाक्यं झाडून-पुसून लख्ख.
त्यांत आता कोणी राहत नाही.

गोकुळपेठेतला झेरॉक्सवाला तुमडाम
गठ्ठा हातात तोलून बघतो.
"मॅडम, हे त मागच्या महिन्यातच नेलं होतं तुमी.
काहून परत?"
बदल केले, मी म्हणते. एक मुलगा काढला.
"मेला का?"
नाही. नव्हताच.
तो पुन्हा तोलतो.
"वजन त तेवढंच भरून राहिलं."

दिवसा सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात
मी दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप लिहिते :
पावती जोडलेली नाही.
मंजुरीची तारीख दिसत नाही.
पंचवीस वर्षं हेच. हात आता ऐकत नाही.
घरी येऊन आठव्या प्रकरणाच्या समासात लिहिलं :
या रडण्याची पावती जोडलेली नाही.
आणि खरंच नव्हती.
मागची वीस पानं चाळली,
कोणी त्या बाईला काही बोललेलंसुद्धा नाही.

रात्री मधुसूदन विचारतो, संपलं का?
सिलिंडर संपलं का, तशा आवाजात.
मी म्हणते, हलवून बघ.

आज एकशे एकतिसाव्या पानावर
चंद्रकला भेटली.
दुसऱ्या खर्ड्यात मी तिला
नव्वदाव्या पानावर काविळीनं मारलं होतं,
तेराव्याचं जेवणही घातलं, वडे-भाताचं,
आणि ही इथे अंगणात उभी,
बादली कमरेवर, पदर खोचलेला,
पोरावर ओरडते : टाकी कोण भरन, तुहा बाप?
खोडायला हवी. सरळ हिशेब आहे.
पेन्सिल उचलली
आणि वर आमची टाकी वाहायला लागली,
जिन्यावरून पाणी, खालच्या रामटेकेबाईंची हाक,
मी धावले.

परत येते तर
दगड ठेवायचा राहिला होता.
नववं प्रकरण खोलीभर.
सगळी पानं सापडली, एक सोडून.
दिवाणाखाली मोबाइलचा उजेड पाडला,
पोटावर सरकत आत गेले :
धूळ, एक खोडरबर, मागच्या वर्षीची राखी,
आणि भिंतीला टेकून एकशे एकतीस.

तिथेच वाचलं, पडल्या पडल्या,
फरशी गार होती.
'ऊन चढलं तरी चंद्रकला पाणी भरून राहिली.'

एकशे बारांमधली ही कितवी, मोजलं नाही.
पेन्सिल वर टेबलावर होती.
आणि नऊ वाजले होते,
डबा व्हायचा होता अजून.